लाल दिवा फक्त माहिती देतो

सरांची गाडी बिघडल्याचं सगळ्या इमारतीला एकाच वेळी कळलं. किल्ली फिरवली की बॉनेटखालून आधी एक लांब कण्हणं यायचं, मग एक आखूड, आणि मग नुसतं टक. रविवारी सकाळी तिसऱ्या टकनंतर पहिल्या मजल्यावरची खिडकी उघडली आणि कर्नल ओरडले, "बॅटरी!"

कर्नल सैन्यात कधीच नव्हते. ते विमा कंपनीत होते. पण सकाळी फिरायला निघाले की हात असे हलवायचे की समोरून येणारी माणसं आपोआप डावीकडे सरकायची. म्हणून ते कर्नल.

"बॅटरी नवीन आहे," सर खालून म्हणाले. "दोन महिन्यांपूर्वी घेतलीय. पावतीवर तारीख आहे."

"मग पावतीवर चालवा!" असं म्हणून कर्नलांनी खिडकी लावून घेतली.

सरांना हे लागलं. ते शाळेत वरच्या वर्गांना विज्ञान शिकवत. वीज हा त्यांचा खास प्रांत. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी फळ्यावर इतकी विद्युतमंडलं काढली होती की झोपेतसुद्धा त्यांचा हात बॅटरीची एक लांब आणि एक आखूड रेघ बरोबर काढे. अशा माणसाच्या गाडीची बॅटरी उतरावी, ही घटना त्यांना पोहण्याचे वर्ग घेणाऱ्याने बादलीत बुडावं तशी वाटत होती.

त्यात ही गाडी त्यांची नव्हती. ती सासऱ्यांची. सासरे गेल्यावर मेव्हण्याने आणि त्याच्या बहिणीने, म्हणजे सरांच्या बायकोने, बसून ठरवलं होतं की गाडी जोवर रीतसर रस्त्यावर चालते तोवर बहिणीकडे राहील. ज्या दिवशी ती नुसती उभी राहील त्या दिवशी विकायची. गिऱ्हाईकही तयार होतं. गावाबाहेरच्या एका हॉटेलवाल्याला ती दारात ठेवायची होती. छत कापून, आत दोघांपुरतं टेबल टाकून. लोक त्यात बसून फोटो काढतील म्हणे.

"माझ्या हातात आहे तोवर गाडीला काही होणार नाही," असं तेव्हा सर म्हणाले होते. हे वाक्य मेव्हण्याच्या पक्कं लक्षात होतं. भेटला की तो गाडीची तब्येत विचारायचा आणि विचारताना हसायचा.

आता प्रश्न शुक्रवारचा होता. गाडी चाळिशी ओलांडलेली. अशा गाडीला परिवहन कार्यालयात नेऊन ती धावण्यायोग्य असल्याचा शिक्का घ्यावा लागतो. त्यासाठी एकूण तीन संधी. पहिल्या वेळी तपासणी साहेबांनी पुढचे दिवे, वायपर आणि हॉर्न एकदम चालू करायला सांगितलं, तेव्हा दिवे पिवळे पडले, वायपर काचेच्या मध्यावर थांबले आणि हॉर्न वाजण्याऐवजी काहीतरी पुटपुटला. दुसऱ्या वेळी गाडी फाटकातच बंद पडली. रांगेतल्या चार भल्या माणसांनी ती ढकलत साहेबांच्या टेबलापर्यंत आणली. साहेबांनी चष्मा पुसला आणि शेरा लिहिला: "वाहन मनुष्यबळावर आले." हा शेरा आता कायम कागदावर होता. तिसरी संधी शुक्रवारी सकाळी अकरा वाजता. ती गेली की नोंदणी रद्द, आणि मग छत, टेबल, फोटो.

सरांनी शाळेच्या प्रयोगवहीसारखी एक वही घातली. उद्देश: गाडीची बॅटरी का उतरते हे शोधणे. साहित्य: गाडी, मीटर, टॉर्च, पाना. मग कृती, निरीक्षण, आणि शेवटी अनुमानासाठी अर्धं पान कोरं.

निरीक्षण सोपं होतं. एंजिन चालू असताना अल्टरनेटर फिरतो, वीज तयार करतो आणि बॅटरी भरतो. तसं होत असेल तर बॅटरीवर मीटर चौदाच्या आसपास दाखवतो. गाडी धक्का मारून सुरू केल्यावर सरांचा मीटर अकरा पूर्णांक नऊ दाखवत होता. म्हणजे अल्टरनेटर नुसता फिरत होता आणि गाडी बॅटरीत शिल्लक असलेल्या विजेवर दिवस काढत होती. शिवाय डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा, जो एंजिन सुरू झाल्यावर विझायला हवा, तो विझत नव्हता.

सरांची बायको शेजारच्या सीटवर बसून आकडे लिहून घेत होती. ती रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. दिवसभर नळ्यांवरच्या चिठ्ठ्या, नावं आणि तारखा जुळवायच्या, त्यामुळे तिला बोलण्यापेक्षा वाचायची सवय जास्त.

"अहो, हा दिवा पूर्वी इतका लख्ख नव्हता," ती म्हणाली.

"पूर्वी जुना बल्ब होता. आता एलईडी आहे. वीज दहापट कमी खातो."

हा सरांचा उन्हाळी सुटीतला उपक्रम. घरातले सगळे दिवे बदलून झाले, जिन्यातले झाले, फ्रिजमधला झाला. तरी हात शिवशिवत होते, म्हणून शेवटी गाडीच्या डॅशबोर्डवरचे पाचही बल्ब काढून तिथे एलईडी बसवले. जुने टाकले नाहीत. सर काहीच टाकत नसत. प्रत्येक बल्ब वेगळ्या पाकिटात, पाकिटावर जागा, रंग, स्थिती आणि तारीख.

"मग त्या दिव्यामुळे तर काही..."

"अगं, दिवा फक्त माहिती देतो," सर वर्गात बोलतात तसे सावकाश म्हणाले. "ताप आला म्हणून कोणी थर्मामीटर बदलतं का?"

बायकोने वहीत काहीतरी लिहिलं आणि पेन्सिल पर्समध्ये ठेवली.

सोमवारी कर्नल स्वतः खाली आले. त्यांनी बॉनेटमध्ये डोकं घातलं, अल्टरनेटर फिरवणारा पट्टा बोटाने दाबला आणि निकाल दिला. "सैल आहे. शिस्त नाही त्याला." सरांनी तो ताणला. कर्नल म्हणाले, आणखी. आणखी ताणला. मग एंजिन सुरू केल्यावर असा किंचाळण्याचा आवाज आला की समोरच्या काकू हातातलं लाटणं तसंच घेऊन गॅलरीत आल्या.

"कोणाला लागलं का हो?"

"नाही काकू, पट्टा आहे."

"मी सांगते, ते घड्याळ काढून टाका. गाडीत घड्याळ असतं ना, ते रात्रंदिवस वीज पीत बसतं. माझ्या दिराच्या गाडीचं तेच झालं."

त्या घड्याळात गेली अकरा वर्षं चार वाजून वीस मिनिटं झाली होती. तरीही सरांनी ते काढलं, कारण काकूंना नाही म्हणायला जेवढा वेळ लागतो त्याच्या निम्म्या वेळात घड्याळ निघतं. डॅशबोर्डला एक गोल भोक पडलं. मीटर: अकरा पूर्णांक नऊ. पट्टा पुन्हा होता तसा सैल केला. अकरा पूर्णांक नऊ.

सरांचं कशात लक्ष लागेना. जेवताना दोन घास खाऊन ते उठायचे, खाली जायचे, कुठली तरी वायर हलवून यायचे आणि हात धुऊन पुन्हा पहिल्या घासापासून सुरू करायचे. अंघोळीला गेले की आतून हाक यायची, "अगं, अर्थिंगची तार पाहिली होती का आपण?" मंगळवारी वर्गात शिकवताना ते तीनदा खिडकीशी गेले, कारण तिथून शाळेच्या आवारात, धक्का मारून आणलेली, गाडी उभी दिसत होती. ती काही करत नव्हती. फळ्यापाशी परत येऊन त्यांनी मंडल पूर्ण केलं, तर पहिल्या बाकावरची मुलगी उभी राहिली.

"सर, बॅटरी उलटी जोडलीय."

अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा. सरांनी ती पुसली आणि म्हणाले, "तुमचं लक्ष आहे का ते पाहत होतो." मुलीने मान हलवली, पण तिचा विश्वास बसलेला नव्हता.

बुधवारी ते बॅटरीवाल्या मामांकडे गेले. मामांचं दुकान पेट्रोल पंपामागे. तिथे बॅटऱ्या भिंतीला टेकून ओळीने बसलेल्या, दवाखान्यात रुग्ण बसतात तशा. मामांनी सरांची वही बाजूला सारली, गाडीत बसले, किल्ली फिरवली आणि एक्सलरेटरवर पाय असा ठेवला की पलीकडच्या झाडावरचे कावळे उडाले. एंजिन गर्जलं. लाल दिवा विझला. मीटर: चौदा पूर्णांक दोन.

"काय झालंय हिला?" मामांनी विचारलं. "काही नाही झालेलं. घेऊन जा."

मामांनी एंजिन बंद केलं, किल्ली सरांच्या हातात दिली. सरांनी आपल्या पद्धतीने गाडी सुरू केली. ही पद्धत सासऱ्यांनी घालून दिलेली: किल्ली हळूच फिरवायची, एंजिनाला जराही न डिवचता दुसऱ्या गिअरात घ्यायचं आणि पुढे पंचवीसच्या वेगाने जायचं. जुन्या गाडीला त्रास द्यायचा नाही. सायकलवाले मागून येत, सरांना ओळखून हात करत आणि पुढे जात. घरी येईपर्यंत लाल दिवा ठणठणीत लागलेला. मीटर: अकरा पूर्णांक नऊ.

ते तसेच परत गेले. मामांनी पुन्हा गर्जना केली. दिवा विझला. चौदा पूर्णांक दोन. तरी मामांनी मन मोठं करून अल्टरनेटर उघडला, आतले ब्रश साफ केले, रेग्युलेटर बदलून पाहिला, बॅटरी चार्जरवर लावून भरून दिली. सर घरी आले. अकरा पूर्णांक नऊ. तिसऱ्यांदा गेले तेव्हा मामांनी हात जोडले.

"सर, राग नका मानू. गाडी माझ्याकडे धडधाकट असते. तुमच्याकडे आली की आजारी पडते. ही कोणाची गाडी म्हणालात?"

"सासऱ्यांची."

"मग बरोबर आहे. थोडे दिवस माहेरी पाठवा."

हे सर घरी सांगणार नव्हते, पण बायकोने विचारलं, "मामा काय म्हणाले?" आणि सरांना खोटं बोलता येत नसे. ती खूप वेळ हसली. मग वही मागून घेतली, मागची पानं चाळली आणि एका तारखेवर बोट ठेवून बसली.

गुरुवारी शाळेतून येऊन पाहतात तर मेव्हणा खाली उभा, आणि त्याच्यासोबत हॉटेलवाला. हॉटेलवाल्याच्या हातात मोजपट्टी.

"भाऊजी, सहज आलो होतो," मेव्हणा म्हणाला. "उद्या काय होतंय ते बघूच. पण म्हटलं, माप घेऊन ठेवलेलं बरं."

हॉटेलवाल्याने गाडीची लांबी घेतली, रुंदी घेतली, छतावर टकटक केलं. "पत्रा जाड आहे. कापायला वेळ जाईल. आणि ही मागची सीट काढून टाकली तर फुलांची परडी मावेल, नाही का?"

सरांची बायको जिन्यातून खाली आली होती. ती त्या मागच्या सीटवर लहानाची मोठी झाली होती; आणि पुढच्या सीटवर बसून गाडी शिकली होती, शेजारी वडील डोळे मिटून बसलेले. गाडीच्या चारही काचा तिने एकेक करून वर केल्या, दार लावलं आणि दादाला म्हणाली, "माप झालं असेल तर चहा घेऊन जा."

मेव्हण्याचं हसणं तेवढ्यापुरतं बंद झालं. चहा मात्र दोघांनीही घेतला.

ते गेल्यावर तिने टेबलावर उद्याचे कागद मांडले. तिसऱ्या संधीला नवीन अर्ज जोडावा लागतो आणि तो सरांनी रविवारीच सुवाच्य अक्षरात भरला होता. तिने तो वरपासून खालपर्यंत वाचला, बोटाने ओळ धरून.

"अहो, नऊ नंबरला काय लिहिलंय तुम्ही?"

"'वाहनात केलेले फेरबदल: काहीही नाही.'"

"आणि खाली सही. 'वरील माहिती खरी आहे.'"

"आहेच खरी."

"डॅशबोर्डचे पाच दिवे?"

सर थांबले. "ते फेरबदल नाहीत. सुधारणा आहे."

"सुधारणा असा रकाना नाहीये अर्जात."

"अगं, कोण बघतंय डॅशबोर्डचे दिवे?"

हे वाक्य तोंडातून गेलं आणि सर स्वतःच दचकले. परीक्षेत शेजारच्याच्या पेपरात डोकावणाऱ्या मुलांना ते पंचवीस मिनिटं जे ऐकवत, त्याची सुरुवातच मुळी 'कोणी बघत नसलं तरी' अशी होती. बायकोने अर्ज त्यांच्यापुढे सरकवला.

"ठीक आहे!" सर उठले. "जुने दिवे लावतो. मग तर झालं? गाडी उद्या बंद पडणारच आहे, पण खऱ्या कागदावर बंद पडेल!"

पाकिटं घेऊन ते ताडताड जिना उतरले. पाचही बल्ब बसवले. शेवटचं पाकीट: 'डॅशबोर्ड, लाल, चार्जिंग, चालू स्थितीत.' किल्ली फिरवली. लाल दिवा लागला, जुन्या बल्बचा मंद, जरासा पिवळट लाल. मग सरांनी सवयीप्रमाणे हलक्या हाताने एंजिन सुरू केलं.

दिवा विझला.

"उडाला!" सर ओरडले. "एवढा जपून ठेवलेला बल्ब उडाला!" त्यांनी एंजिन बंद केलं, बल्ब काढला, मीटर लावला. बल्ब ठीक. पुन्हा बसवला. किल्ली: लागला. एंजिन: विझला. "पुन्हा उडाला!" पुन्हा काढला. पुन्हा ठीक.

चौथ्या वेळी बल्ब काढायला हात पुढे झाला तेव्हा बायको, जी एव्हाना येऊन बॉनेटपाशी उभी होती, म्हणाली, "अहो, बॅटरीवर मीटर लावून बघता का जरा?"

चौदा पूर्णांक दोन.

सरांनी मीटर बाजूला ठेवला. मग खिशातून खडू काढला, जो त्यांच्या खिशात सुटीतही असे, आणि गाडीच्या बाजूला उकिडवे बसून फरशीवर मंडल काढायला लागले. बॅटरी, किल्ली, दिवा, अल्टरनेटर. काढता काढता हात मंदावला. अल्टरनेटरमध्ये कायमचं चुंबक नसतं. आतल्या गुंडाळीला सुरुवातीला थोडी वीज मिळाली तरच ती चुंबक होते आणि अल्टरनेटर जागा होतो. ती थोडी वीज येते कुठून? त्यांच्या खडूने वाट दाखवली: किल्लीकडून, दिव्यातून. दिवा बाजूला उभा राहून बातम्या सांगत नव्हता. तो वाटेतच होता. जुना बल्ब आपल्यातून भरपूर वीज जाऊ द्यायचा. एलईडी कंजूष, तो जाऊ देईना. मामांनी गर्जना केली की तेवढ्या वेगात गुंडाळीत उरलेलं किंचित चुंबकत्वही कामाला यायचं. दुसऱ्या कोणी गाडी चार लोकांसारखी दामटली असती, तर त्याला हा बिघाड कधी कळलाच नसता. वीज वाचवणारा आणि एंजिनाला न डिवचणारा असा एकच माणूस या गाडीला मिळाला होता.

वरची खिडकी उघडली. "काय हो सर, सापडलं का?"

"हो! एक वायर सैल झा..." सरांनी मान वर केली, खाली केली. बायको शेजारीच होती. "मीच एक दिवा बदलला होता, कर्नल. त्यामुळे झालं."

"दिव्यामुळे बॅटरी?" कर्नल हसले. "काहीतरी सांगू नका!"

सरांना आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलून कोणी विश्वास ठेवला नाही याचं बरं वाटलं.

शुक्रवारी अकराला गाडी स्वतःच्या पायांनी साहेबांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली. मेव्हणा आधीच येऊन फाटकाशी थांबला होता. साहेबांनी जुना शेरा वाचला, सरांकडे पाहिलं आणि म्हणाले, "सगळं लावा." दिवे लख्ख. वायपर सपासप. हॉर्न असा वाजला की रांगेतल्या एका माणसाच्या हातातले कागद पडले. लाल दिवा विझलेला.

"अर्ज," साहेब म्हणाले.

सरांनी दिला. सकाळी निघताना त्यांनी नऊ नंबरमध्ये दुरुस्ती केली होती. साहेब वाचायला लागले. "'उन्हाळ्यात पाच दिवे बदलले होते. काल संध्याकाळी पाचही पूर्ववत केले.' म्हणजे फेरबदल आहे का नाही?"

"होता. आता नाही."

"'होता'ला रकाना नाही. 'आहे' लिहिलंत तर परवानगीचं पत्र लागेल. 'नाही' लिहायचं तर खाडाखोड चालत नाही. नवीन अर्ज आणा. खिडकी सकाळी उघडते, दहा ते अकरा."

भिंतीवरच्या घड्याळात सव्वाअकरा. अकरा पूर्णांक नऊपासून चौदा पूर्णांक दोनपर्यंत पोचलेला माणूस एका रकान्यात बुडत होता. फाटकाशी मेव्हण्याने फोन कानाला लावला.

बायकोने पिशवीत हात घातला आणि एक कोरा अर्ज काढून टेबलावर ठेवला. "सकाळी खिडकीवरून एक जादा घेऊन ठेवला होता," ती साहेबांना म्हणाली. "यांना खरं लिहायची सवय आहे, म्हणून."

साहेबांनी चष्मा काढला. सरांनी तिथेच उभ्या उभ्या अर्ज भरला. नऊ नंबरला 'काहीही नाही' लिहिताना हात किंचितही अडखळला नाही. शिक्का पडला. तो इतका जोरात पडला की पुढच्या पानावरही थोडा उमटला. फाटकापाशी मेव्हणा फोन खिशात ठेवत होता.

"दादा, सोडू का घरी?" बहिणीने विचारलं.

"गाडी पंचवीसनेच जाणार ना? मग मी चालतच जातो. लवकर पोचेन."

घरी येऊन सरांनी वही उघडली. अनुमानाचं अर्धं पान अजून रिकामं होतं. पण कोपऱ्यात, बारीक पेन्सिलीने, बायकोच्या अक्षरात एक ओळ होती. 'पाकिटावरची तारीख आणि बॅटरी पहिल्यांदा उतरली ती तारीख यात दोन दिवसांचं अंतर. जुना लाल दिवा लावून पाहावा.' तिच्या कामाच्या शिस्तीप्रमाणे खाली वार आणि वेळ. रविवार, सकाळचे दहा.

"तुला रविवारी कळलं होतं?"

"कारण नव्हतं कळलं. तारखा जुळल्या एवढंच."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलत होते की," ती नळ्यांवरच्या चिठ्ठ्या वाचायच्या शांतपणाने म्हणाली. "तुम्ही म्हणालात, दिवा फक्त माहिती देतो."

सरांनी अनुमान लिहिलं नाही. तिची ओळ पेनाने गिरवली आणि खाली तिला सही करायला लावली.

सोमवारी त्यांनी वर्गाला पाच गुणांचा एक प्रश्न घातला: 'मंडलातला सूचक दिवा फक्त माहिती देतो. चूक की बरोबर ते सकारण लिहा.' एकेचाळीस जणांनी 'बरोबर' लिहिलं आणि कारणाच्या जागी सरांचीच वाक्यं जशीच्या तशी उतरवली, थर्मामीटरसकट. पहिल्या बाकावरच्या मुलीने मात्र लिहिलं होतं: 'सर, दिवा कुठे जोडलाय ते आधी सांगा.'

सरांनी सगळ्यांना पाचपैकी पाच दिले. तिला सहा.